इर्मा वादळानंतर आजींच्या घराचं छप्पर, आणि मदत फंडाची सगळी प्रोसेस

वादळात घर गेलेल्या माणसाला चॅरिटी फंडाने घर बांधून दिलं असं आपण पेपरात एका ओळीत वाचतो, पण त्या एका ओळीच्या आत काय काय असतं ते मी सेंट थॉमसवर अगदी जवळून बघितलंय आणि कधीतरी सगळं नीट लिहून काढायचं होतं. सेंट थॉमस म्हणजे कॅरिबियनमधली जी अमेरिकेच्या ताब्यातली व्हर्जिन आयलंड्स आहेत त्यातलं एक बेट, बाकी मोठी दोन म्हणजे सेंट जॉन आणि सेंट क्रॉय. १९१७ पर्यंत हे सगळं डेन्मार्ककडे होतं, अमेरिकेने अडीच कोटी डॉलरचं सोनं देऊन विकत घेतलं. मी मूळचा श्रीवर्धनचा, इथे शार्लट अमालीच्या मेन स्ट्रीटवर एका ज्वेलरीच्या दुकानात हिशेब बघतो. ह्या रस्त्यावर सिंधी लोकांची बरीच दुकानं आहेत त्यामुळे आपल्याकडची माणसं इथे नवीन नाहीत, मराठी मात्र फार कमी.

राहायला मी टुटू भागात, उतारावरच्या एका घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने. वर घरमालकीण, वय सत्तरीच्या पुढे, मी इथे लिहिताना त्यांना आजीच म्हणतो. ६ सप्टेंबर २०१७, बुधवार, कॅटेगरी पाचचं इर्मा दुपारी आमच्या बेटावरून गेलं. माझ्या डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब होता म्हणून आजी सकाळीच खाली आल्या आणि आम्ही दोघं बाथरूममध्ये गादी आडवी लावून बसलो. वरचं छप्पर जाताना पहिल्यांदा पत्रे फडफडल्याचा आवाज आला, मग खिळे सुटल्याचा, आणि मग पाणी जिन्यावरून खाली यायला लागलं. आजींनी १९८९ चं ह्युगो बघितलेलं, १९९५ चं मॅरिलिन बघितलेलं, त्या फक्त एवढंच म्हणाल्या की छप्पर गेलं, भिंती आहेत. दोन आठवड्यांनी मारिया आलं, तेही कॅटेगरी पाच, त्याचा खरा मार सेंट क्रॉयला बसला पण पाऊस आमच्याकडेही धो धो, आणि मधल्या दिवसांत उन्हात वाळवून ठेवलेलं सगळं परत भिजलं.

आता छप्पर गेलं म्हणजे फक्त डोक्यावरचा आडोसा गेला असं आपल्याला वाटतं, इथे तसं नाही. ह्या बेटावर नदी नाही, विहिरीचं पाणीही फारसं नाही, घराखाली टाकं बांधायचं आणि छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून त्यात घ्यायचं हा कायदाच आहे. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तरी सहाशे गॅलनच्या वर पाणी टाक्यात जातं. छप्पर गेलं की पाणीही गेलं. शिवाय टाक्यात पत्र्याचे तुकडे, पाला, इन्सुलेशनचा कापूस, कुणाच्या तरी घरातले कपडे असलं सगळं येऊन पडलेलं, म्हणजे आहे ते पाणीसुद्धा प्यायला बाद. लाईट कित्येक महिने नव्हती ती वेगळी, पण माणूस कंदिलावर राहतो, पाण्याशिवाय कसा राहणार. त्यामुळे आजींचा पहिल्या दिवसापासून एकच हट्ट, बाकी काही नको, मला छप्पर पाहिजे.

क्रूझ जहाजं बंद म्हणजे मेन स्ट्रीट बंद, ती परत यायला नोव्हेंबर उजाडला, तोवर मला दुकानात फारसं काम नव्हतं. आजी म्हणाल्या तू आकडेमोडवाला माणूस आहेस, माझे कागद तूच बघ. असा मी ह्यात पडलो.

सगळ्यात आधी समजून घ्यायला लागलं ते म्हणजे मदतीचा क्रम. चॅरिटी फंड हा रांगेत सगळ्यात शेवटी असतो. आधी तुमचा इन्शुरन्स काय देतो ते बघायचं, मग फेमाची म्हणजे केंद्र सरकारची आपत्ती मदत, मग एसबीए ह्या सरकारी खात्याचं कमी व्याजाचं कर्ज, आणि ह्या सगळ्यातून जे भागत नाही त्या खड्ड्यापुरता फंड. लोकांचा इथेच फार गोंधळ होतो, सरळ फंडाच्या दारात जातात आणि परत पाठवले की चिडतात. आजींकडे वादळाचा इन्शुरन्स नव्हता, बेटावर तो इतका महाग असतो की कर्ज नसलेल्या घरांवर बरेच जण घेतच नाहीत. फेमाची घराची मदत त्या वर्षी जास्तीत जास्त ३३,३०० डॉलर होती, ती म्हणजे वरची मर्यादा, प्रत्येकाला तेवढी मिळते असं नाही, आणि अख्खं छप्पर, आतल्या भिंती, वायरिंग सगळं गेलेल्या घराला पूर्ण मिळाली तरी इथल्या भावात पुरत नाही कारण फळी म्हणू नका, पत्रा म्हणू नका, स्क्रूसुद्धा जहाजाने येतो. आजींना त्यातला काही भाग मिळाला. कर्जाचा अर्ज केला तर उत्पन्न कमी म्हणून नाही बसलं, आणि ते नकाराचं पत्र मी जपून ठेवलं कारण फंडाकडे जाताना तेच सगळ्यात कामाचं असतं. कुठलंही नकाराचं पत्र रागाने फाडून टाकू नका. ते असल्याशिवाय तुम्ही आधीची दारं ठोठावली हे सिद्धच होत नाही.

फंडाचे पैसे कुठून येतात म्हणाल तर सगळीकडून. बास्केटबॉलचा टिम डंकन मूळ सेंट क्रॉयचा, ह्युगोने तिथला पोहायचा मोठा तलाव मोडला म्हणून तो पोहणं सोडून बास्केटबॉलकडे वळला ही गोष्ट इथे पोरासोरांना पाठ आहे, त्याने इर्मानंतर स्वतःचे अडीच लाख डॉलर दिले आणि लोक देतील तेवढे आपणही घालू असं दहा लाखांपर्यंत जाहीर केलं. गायक केनी चेस्नीचं सेंट जॉनवर घर होतं ते उडालं, त्यानेही निधी काढला. शिवाय चर्च, न्यूयॉर्क फ्लोरिडात गेलेले बेटावरचे लोक, सुट्टीला येऊन गेलेले टुरिस्ट. आम्ही ज्या फंडाकडे गेलो त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी जे सांगतोय ते एका फंडापुरतं नाही, बेटावरच्या बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने हेच केलंय.

ऑफिस म्हणजे एका चर्चच्या मागचा हॉल. जनरेटरचा आवाज, पंखा नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या. बेटावर एक रीत आहे, कुठेही आत पाऊल टाकलं की आधी सगळ्यांना मोठ्याने गुड मॉर्निंग म्हणायचं आणि समोरून उत्तर आल्यावरच कामाचं बोलायचं. बाहेरून मदतीला आलेल्या काही लोकांना हे माहीत नसायचं, ते थेट नंबर काय, फॉर्म कुठाय असं सुरू करायचे आणि म्हातारी माणसं गप्प बसायची, आमची केस वर्कर, म्हणजे आमची फाईल सांभाळणारी, मात्र इथलीच पोरगी, उठून उभी राहिली, आजींना खुर्ची दिली, तुमची आई कोण, तुम्ही कुठल्या शाळेत होता असं बोलून मग फाईल उघडली. मला तेव्हाच वाटलं की हे होणार.

पण कागद! कागदांनी जीव काढला अगदी. घर आजींच्या वडिलांच्या नावावर. वडील जाऊन कित्येक वर्षं झाली, घर वाटून घ्यायची कधी गरजच पडली नाही, आजी राहत होत्या, टॅक्स भरत होत्या, बाकी भावंडं बाहेर. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहतं ना, त्यातलाच प्रकार, आणि बेटावर हे घराघरात आहे. फंड म्हणतो आम्ही लोकांच्या देणगीतून छप्पर घालणार, उद्या भाऊ येऊन म्हणाला घर माझं तर? प्रश्न रास्तच आहे. पूर्ण वारसा कोर्टातून करायचा तर वर्षं जातात, म्हणून मधला रस्ता काढला, सगळ्या भावंडांनी नोटरीसमोर लिहून द्यायचं की ही बहीण इथे राहते, घर दुरुस्त करायला आमची हरकत नाही. गरिबांना फुकट वकील देणारी लीगल सर्व्हिसेसची माणसं इथे आहेत, त्यांनी मसुदा करून दिला. एक भाऊ न्यूयॉर्कला, बहीण फ्लोरिडाला, आणि एका वारलेल्या भावाचा मुलगा शेजारच्या टोर्टोलावर, ते ब्रिटिशांचं बेट, त्याचं स्वतःचंच घर इर्मात गेलेलं, फोन लागायचा नाही. त्याची सही यायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

दुसरं, आधीचा फोटो. छप्पर कसं होतं, किती चांगलं होतं ते दाखवा म्हणतात. अहो फोटोंचा अल्बम छपराबरोबरच गेला की! मग आजींनी ब्रुकलिनच्या भाचीला सांगितलं आणि तिने कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फोटो पाठवला, केक कापताना सगळे गॅलरीत उभे आणि मागे छपराचं एक टोक आणि पन्हळ अगदी स्पष्ट दिसतेय. केस वर्करने त्या फोटोच्या कडेला पेनाने गोल केला आणि फाईलला लावला. चालला.

तिसरं म्हणजे पावत्या, आणि हे मी हिशेबवाला म्हणून जरा जास्त सांगणार. सरकारकडून घर दुरुस्तीला जे पैसे मिळाले ते कुठे गेले हे फंड विचारतोच, कारण एकाच कामाला दोन ठिकाणचे पैसे लागले तर पुढे तेच परत मागितले जातात. आजींचे पैसे गेले ताडपत्री, फळ्या, जनरेटर, पेट्रोल, पाण्याचा टँकर आणि भिजलेल्या वायरिंगच्या तात्पुरत्या कामात, सगळं खरं, पण पावत्या कुठल्या? दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या उष्णतेने पांढऱ्या पडतात हो, बेटावर तर लाईट नाही, पंखा नाही, डब्यात ठेवलेली पावती महिन्याभरात कोरी. मी सुरुवातीपासून प्रत्येक पावती हातात आली की लगेच मोबाईलवर फोटो काढायचो आणि मागे पेनाने तारीख, रक्कम, काय घेतलं ते लिहायचो, ते इतकं उपयोगी पडलं की केस वर्करने नंतर आलेल्या लोकांनाही तसंच करायला सांगितलं. माझं भाडं हे आजींचं उत्पन्न, म्हणून भाडेकरू ह्या नात्याने मलाही एक पत्र द्यावं लागलं. आणि नियम असा की फंड फक्त मालक स्वतः राहतो तोच भाग बघणार, भाड्याचा मजला नाही. छप्पर वरचं असल्यामुळे आमचं अडलं नाही.

एक गोष्ट मला अजूनही पटलेली नाही, ती म्हणजे तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावणं. नुकसान बघायला एक येणार, तो विचारणार वादळात तुम्ही कुठे होता. मग दुसरा येणार घराचं माप घ्यायला, तोही तेच. मग पात्रता तपासणारी बाई. आजी प्रत्येक वेळी बाथरूम, गादी, जिन्यावरचं पाणी सगळं सांगायच्या आणि त्या रात्री त्यांना झोप यायची नाही, मला खाली त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. शेवटी मी एका पानावर सगळं टाईप केलं, त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी सही केली आणि पुढे कोणी आलं की आधी ते पान हातात द्यायचो. फंडांनी हे स्वतःहून करायला पाहिजे, एकदा ऐका, लिहून घ्या आणि एकमेकांना द्या.

मग येतं ते टेबल. वेगवेगळे फंड, चर्चच्या संस्था, व्हॉलंटियर पुरवणाऱ्या संस्था ठराविक दिवशी एकत्र बसतात आणि केस वर्कर एकेक केस मांडते. नाव सांगायचं नाही, फक्त नंबर, घरात किती माणसं, उत्पन्न किती, काय मिळालं, काय कमी पडतं. म्हणजे ओळखीपाळखीवर काम होऊ नये. आम्ही अर्थातच आत नव्हतो, केस वर्करने नंतर सांगितलं ते असं की एकाने लाकूड आणि पत्रे उचलले, दुसऱ्याने वायरिंग, तिसऱ्याने माणसं देतो म्हणून सांगितलं, आणि थोडा खड्डा उरला तो आमच्या फंडाने भरला. पैसे आजींच्या हातात एक डॉलरसुद्धा आला नाही, सगळं थेट दुकानाला आणि जहाजवाल्याला. काही लोकांना ह्यात अपमान वाटतो. मला तरी हे बरोबर वाटतं, कारण आमच्याच गल्लीत एका कुटुंबाने स्वतःच्या पैशातून ठेकेदाराला ॲडव्हान्स दिला आणि तो माणूस परत दिसला नाही, ते लोक पुढे वर्षभर निळ्या ताडपत्रीखाली होते.

मंजुरी मिळाली म्हणजे काम सुरू असंही नाही. एरवी बरंच सामान पोर्तो रिकोमार्गे येतं आणि मारियाने पोर्तो रिकोचंच कंबरडं मोडलेलं, त्यामुळे सगळं फ्लोरिडाहून, सगळ्या बेटांची मागणी एकदम. २०१८ चा वादळाचा सीझन जूनमध्ये सुरू झाला तेव्हा आजी अजून ताडपत्रीखालीच. रेडिओवर कुठेही डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, म्हटलं की त्या बॅग भरून माझ्याकडे खाली.

छप्पर कसं असावं ह्यावर मात्र फंड एक पाऊल मागे येत नाही आणि ते मला फार आवडलं. जुनं दुपाखी होतं, दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंत, वारा तिथेच धडकतो. नवीन चौपाखी केलं, चारही बाजूंना उतार, वाऱ्याला धरायला काही नाही. भिंतीच्या वरून सगळीकडे काँक्रीटचा पट्टा, त्यात सळ्या, आणि प्रत्येक वासा त्या पट्ट्याला लोखंडी क्लिपने बांधलेला. मॅरिलिननंतर इथले बांधकामाचे नियम कडक झाले त्यातलीच ही क्लिप. खिळे नाहीत, रबरी वायसर असलेले स्क्रू, आणि कडेला व आढ्यापाशी ते जास्त जवळ जवळ, कारण पत्रा उचकटायला सुरुवात नेहमी कडेपासून होते. वळचण अगदी थोडी बाहेर. इन्स्पेक्टर आला तो शिडीवर चढून एकेका क्लिपला हात लावत गेला आणि दोन ठिकाणी स्क्रू कमी होते तर पत्रा बसवायचं काम तिथेच थांबवलं. व्हॉलंटियर पोरांचे चेहरे पडले, दुपारपर्यंत उरकायचं होतं त्यांना, पण आजी म्हणाल्या थांबू दे, मी ह्युगोपासून थांबलेय.

ती पोरं मिनेसोटा, ओहायो असल्या भागातली, चर्चच्या हॉलमध्ये खाटांवर झोपायची, उन्हं चढायच्या आत कामाला यायची. त्यांच्याबरोबर एक म्हातारा सुतार होता, तो प्रत्येक वाशाचं माप दोनदा घ्यायचा आणि एकही फळी वाया जाऊ द्यायचा नाही. आजींनी त्यांना जेवण बाहेरून आणू दिलं नाही. जॉनी केक, खारा मासा, भेंडी घालून केलेलं मक्याच्या पिठाचं फंगी, मी एक दिवस मोठं पातेलं भरून मुगाची खिचडी केली तीही संपली. आमची भाषा, जेवण, देश सगळं वेगळं, पण दुपारी सगळे अर्ध्या छपराच्या सावलीत बसून जेवायचे आणि आजी मधोमध खुर्चीवर.

छप्पर झाल्यावर टाकं उपसून, घासून, क्लोरीन टाकून परत चालू केलं. पन्हळी सगळ्यात शेवटी बसवल्या, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून दिलं आणि नंतरचं आत घेतलं. आजी तेव्हा टाक्याचं झाकण उघडून बराच वेळ टॉर्च मारून बघत होत्या, किती चढलं, किती चढलं म्हणून मला हाका मारत होत्या.

पुढे ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन, दिवेआगरवर आलं, भावाच्या घराचे पत्रे आणि अर्धी सुपारीची वाडी गेली. फोन लागला तसा मी त्याला पहिलं सांगितलं की काही उचलायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढ, पंचनाम्याची कॉपी माग, पावत्यांचे फोटो ठेव, आणि नवे पत्रे खिळ्यांवर ठोकू नको. घर अजून वडिलांच्या नावावर आहे का तेही विचारलं. होतं. ते त्याने त्या वर्षी करून घेतलं.

आजींची फाईल बंद होताना फंडाने एक कागद सही करून घेतला की ठराविक वर्षं घर विकायचं नाही आणि स्वतः राहायचं. त्यावर त्या म्हणाल्या मी कुठे जाणार आहे. गॅलरीचं छप्पर फंडात बसलं नव्हतं, राहण्याच्या खोल्यांपुरतीच मदत. ते टोर्टोलाच्या भाच्याने, त्याच्या घराचं काम संपल्यावर इकडे येऊन घातलं. इन्स्पेक्टरने सांगून ठेवलं होतं की गॅलरीचं छप्पर मुख्य छपराला जोडू नका, वेगळं ठेवा, म्हणजे उद्या ते उडालं तरी मोठं छप्पर ओढून नेणार नाही. त्याने तसंच केलं, वेगळे वासे, वेगळ्या क्लिपा, मधे चार बोटं फट, आणि खर्चाचा हिशेब मी ठेवला.